ताईला पुरेल इतकी बॅटरी

ताईचं ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं सांगून गेले, आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येऊन म्हणाले की गळ्यातली गाठ पूर्ण निघाली, जिवाचा धोका टळला, आवाज मात्र आता येणार नाही. तिच्या धाकट्या भावाला यातलं शेवटचं वाक्य बराच वेळ कळलंच नाही. ताई आणि ताईचा आवाज या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एक काढून दुसरी ठेवता येते, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

या भावाला घरीदारी सगळे बाळ म्हणत. वय अठ्ठावन्न, टक्कल पूर्णत्वाला गेलेलं, हुद्दा एका मोठ्या कचेरीतल्या भांडार विभागाच्या प्रमुखाचा. पण ताईने लहानपणी ठेवलेलं नाव तिने कधी मागे घेतलं नाही, त्यामुळे इतरांनाही ते घेता आलं नाही. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही, टायपिंगचा क्लास काढला. दोन खोल्यांत ओळीने मांडलेली मशिनं, त्यांचा खडखडाट, आणि त्या खडखडाटाच्या वरून रस्त्यापर्यंत सहज पोचणारा ताईचा आवाज, असा तो क्लास वर्षानुवर्षं चालला. मशिनं जुनी झाली, टायपिंग शिकणारे संपले, तरी ताई रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची आणि समोर कुणी बसलेलं असल्यासारखी त्यांना चार शब्द सुनवायची.

ऑपरेशननंतर बाळने तिला आपल्या घरी आणलं. सुरुवातीला पांढऱ्या फळ्यावर आणि मार्करवर भागवून पाहिलं. पण ताईचा लिहिण्याचा वेग असा की बाळ चष्मा शोधून आणेपर्यंत ती आधीचं पुसून पुढच्या मुद्द्यावर गेलेली असे. बाळ आधीच्या मुद्द्याला उत्तर देई, आणि मग त्या उत्तरावरून वेगळं भांडण होई. शिवाय मार्करच्या वासाने तिला खोकला यायचा. मोबाइल तिने दोन दिवस वापरून परत केला. दहा बोटांनी न बघता टाइप करणाऱ्या बाईने एका अंगठ्याने टिचक्या मारत बसायचं, हा तिला आपल्या विद्येचा अपमान वाटला.

त्यात भेटायला येणारी माणसं. आवाज गेला म्हणजे कानही गेले, अशी लोकांची का कोण जाणे पक्की समजूत असते. समोरच्या घरात वीज खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर राहायचे. त्यांना सगळी गल्ली साहेब म्हणे. ते दारातूनच ओरडून, वर दोन्ही हातांनी खुणा करून, ताईला तब्येत विचारायचे. ताई त्यांच्याकडे नुसती पाहायची. मग साहेबांचे हात आपोआप खाली येत.

लॅपटॉपची कल्पना बाळच्या बायकोची. "वन्संना टाइप करायला द्या काहीतरी," ती म्हणाली, "मनातलं बाहेर पडेल. नाहीतर त्या आतल्या आत फुटतील." हे बाळलाही पटलं, ताईलाही पटलं, आणि ताईने लगेच फळ्यावर आपल्या अटी लिहिल्या. पडदा एवढा मोठा हवा की तिने बैठकीत लिहिलेलं स्वयंपाकघरातून वाचता यावं. बॅटरी अशी हवी की सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत वायरीचं तोंड बघावं लागू नये. आणि किंमत, मशिनं विकून जे आले होते तेवढ्यातच बसली पाहिजे. बाळने वर एक पैसा घातलेला चालणार नाही.

मशिनं तिने इस्पितळात जाण्याआधीच विकली होती. हॉटेलं सजवणाऱ्या एका माणसाने ती नेली. म्हणे शोभेला ठेवणार. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, तिचं घर आवरताना बाळला रिकाम्या खोल्या दिसल्या तेव्हा कळलं. त्यामुळे तिसऱ्या अटीवर बाळने घासाघीस केली नाही.

आता खरेदी म्हटली की बाळच्या अंगात बळ येई. खुर्च्या, पंखे, लोखंडी कपाटं, टाचण्या, फिनेल, सगळं त्याच्या सहीने कचेरीत आलेलं होतं. घरात मात्र त्याला भाजी आणायलाही एकट्याला पाठवत नसत. म्हणून ही खरेदी आपण एकट्याने आणि शास्त्रशुद्ध करायची, असं त्याने ठरवलं. ताईला दुकानात नेण्याचा प्रश्नच नव्हता. ती गळ्याला रुमाल गुंडाळून घरातच बसायची, खिडकीपाशीसुद्धा जायची नाही. तिला त्रास नको, असं बाळ सगळ्यांना सांगायचा.

दुकानातली विक्रेती तरुण आणि सोशिक होती. तिने बाळला सगळं नीट समजावलं. पडदा मोठा घेतला की तो बॅटरी खातो. बॅटरी मोठी घेतली की किंमत चढते. किंमत खाली आणली की पडदा तरी लहान होतो किंवा बॅटरी तरी. बाळला ते तीन रुसक्या जावयांसारखं वाटलं. दोघांना कसंबसं बसवावं तर तिसरा चपला घालून निघतो.

"याची बॅटरी नऊ तास जाते," ती एका लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाली, "सामान्य वापर असेल तर."

"आमच्याकडे सामान्य वापर होणार नाही," बाळ म्हणाला. "आमच्या ताईला बोलायचंय."

साहेबांना ही बातमी लागली आणि ते वीजमापक यंत्र घेऊनच आले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ लोड हे होतं. कंपन्या सांगतात ते तास पडदा अंधुक करून आणि लॅपटॉपकडून काहीही काम न घेता मोजलेले असतात, म्हणून सांगितलेल्याच्या निम्मेच धरायचे, हे त्यांचं म्हणणं. मग ताईचा लोड किती, हा प्रश्न निघाला. ती दिवसातून किती बोलायची याचा अंदाज ते दोघं तिच्यासमोरच बांधू लागले. साहेबांनी सहा तास सुचवले, बाळने झोपेचे वजा करून उरलेले सगळे धरायला सांगितलं. ताईने फळा उचलला, पण मार्कर वाळला होता. तो तिने ज्या प्रकारे खाली ठेवला त्यावरून चर्चा तिथेच थांबली.

मधेच बाळला कचेरीत कुणीतरी सांगितलं की अशा माणसांना अशी यंत्रं सवलतीत मिळण्याची एक सरकारी योजना आहे. बाळ कागद गोळा करून तिथे गेला. खिडकीमागचा अधिकारी सज्जन होता. त्याने सगळे कागद वाचले, डॉक्टरांचा दाखला वाचून हळहळला, आणि म्हणाला की आता फक्त एकच बाकी आहे, अर्जदाराने समक्ष येऊन तोंडी निवेदन द्यायचं.

"कशाचं?" बाळने विचारलं.

"बोलता येत नसल्याचं."

बाळने अडचण सांगितली. अधिकाऱ्यालाही ती अडचण आहे हे मान्य होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या सोयीसाठी हा नियम केलेला आहे, असं तो म्हणाला. अर्जदाराच्या वतीने दुसऱ्या कुणी बोललेलं चालेल, पण त्या माणसाला तसा अधिकार अर्जदारानेच द्यायला हवा, आणि तोही तोंडीच. बाळ भांडायला म्हणून पुढे सरसावला होता, पण त्याला एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा निश्छिद्र नियम करता आला नव्हता. भांडारप्रमुख या नात्याने त्याला मनातून कौतुकच वाटलं. तो कागद घेऊन गुपचूप घरी आला आणि सवलतीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

अखेर त्याच दुकानातल्या जुन्या मालाच्या सेलमध्ये त्याने एक भला थोरला लॅपटॉप घेतला. किंमत बसली, पडदा तर असा की आतल्या खोलीतूनही वाचता यावा. बॅटरीवर त्याने पाणी सोडलं. दोन गोष्टी साधल्या की तिसरीची वाच्यता करायची नाही, हे त्याला भांडारातल्या अनुभवावरून ठाऊक होतं.

बॅटरी दुपारच्या आतच मान टाकायची. म्हणजे वायर आली. बैठकीतलं बटण एका कोपऱ्यात, म्हणून ताईही त्या कोपऱ्यात गेली. मांडीवर तो लॅपटॉप ठेवला की तिच्या पायांना मुंग्या येत, म्हणून तिथे एक टेबल आलं. टेबल आल्यावर दिवाही आला. दोन दिवसांत त्या कोपऱ्याला एखाद्या साहेबाच्या केबिनची कळा आली. पूर्वी ताई घरभर फिरून ज्याला त्याला जागच्या जागी बोलायची. आता बोलणी खायला लोकांना उठून कोपऱ्यात जावं लागे, आणि इतकं करून कोण जाणार. एकदा बायको चहाचा कप घेऊन येताना वायरीत अडकली आणि कप साहेबांच्या सदऱ्यावर गेला. साहेबांनी यालाही लोडच जबाबदार धरला. पण त्यानंतर लोक कोपरा टाळू लागले आणि कोपऱ्यातून अक्षरं येईनाशी झाली. ताई नुसती बसून राहायची. पडदा उघडा, पांढरा.

बायकोने हे बाळच्या लक्षात आणून दिलं. तोवर त्याला घरात शांतता नांदते आहे असं वाटत होतं.

लॅपटॉप परत द्यायला नेला तर दुकानाचे मालक स्वतः पुढे आले. गोल, घामट आणि हसतमुख माणूस. बदलून देतो म्हणाले, फक्त खोकं आणि आतलं थर्माकोल जसंच्या तसं हवं. खोकं माळ्यावर सापडलं. थर्माकोल साहेबांनी मागून नेलं होतं आणि गच्चीवरच्या गरम पाण्याच्या नळाला गुंडाळून डिंकाने चिकटवून टाकलं होतं. बाळ आणि साहेब गच्चीवर चढले. साहेबांच्या मते ते काढल्याने पाणी निवणार होतं. बाळच्या मते न काढल्याने ताई तापणार होती. शेवटी सुरीने ते सोलून काढलं. नळाच्या आकाराची खाच, डिंकाचे फराटे आणि अडकलेली चिमणीची पिसं, अशा अवस्थेत ते दुकानात पोचलं. मालकांनी ते उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि बाळकडे असं पाहिलं की त्याला एका वर्षी पाय मोडून आलेल्या खुर्च्या स्वीकारल्याची आठवण झाली. तरी माणूस चांगला. त्यांनी लॅपटॉप ठेवून घेतला, आणि पुढचा मात्र आधी घरी वापरून बघा म्हणून मांडणीतला एक काढून दिला.

हा दुसरा अगदी चिमुकला, पुस्तकाएवढा. बॅटरी दिवसभर संपता संपत नव्हती. ताई तो घेऊन पुन्हा घरभर फिरू लागली, आणि बाळची छाती फुगली. पण अक्षरं मुंगीएवढी. ती मोठी करावीत तर पडद्यावर एका वेळी जेमतेम तीन शब्द मावत, लांब शब्द मधेच तुटून पुढच्या ओळीत जाई आणि ती ओळ बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नसे.

त्याच संध्याकाळी बाळच्या कचेरीतले वरिष्ठ ताईची चौकशी करायला आले. ते स्थिरस्थावर झाल्यावर बाळ त्यांना थर्माकोलची गोष्ट, साहेबांचं नाव गाळून आणि आपला मुत्सद्दीपणा घालून, सांगू लागला. ताईने दोनदा मान हलवली, मग टाइप केलं आणि पडदा पाहुण्यांसमोर धरला. त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं: "बाळ तू मूर्ख". वरिष्ठांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ताईच्या लक्षात आल्यावर तिने घाईने बोट सरकवलं आणि पुढचं "पणाने वागला नाहीस, साहेबांनीच" वगैरे दिसलं, पण तोवर वरिष्ठ उठले होते. जाताना त्यांनी बाळच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बाळला आठवडाभर जाणवत होता.

"तुम्ही वन्संना दुकानात का नेत नाही?" दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं.

"तिला चारचौघांत जायला नको वाटतं."

"असं त्या म्हणाल्या?"

बाळने आठवून पाहिलं. असं ताई म्हणाली नव्हती. ती काही म्हणायच्या आतच तो दर वेळी चपला घालून निघाला होता. त्याने आत जाऊन ताईला विचारलं, हा चिमुकला परत करून दुसरा बघायला येतेस का. ताईने उत्तर लिहिलं नाही. ती उठली, आरशासमोर उभं राहून रुमालाची गाठ सारखी केली, आणि बाळच्या आधी जिना उतरली.

दुकानात गर्दी होती. मालकांनी ताईला पाहिलं आणि त्यांच्यातली माणुसकी उफाळून आली. ते तिच्या चेहऱ्याजवळ येऊन, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले, "आजी, काय, हवं?" लोक वळून बघू लागले. ताईचा हात रुमालाकडे गेला. बाळला वाटलं, आता ती परत फिरणार. ती एक पाऊल मागे सरकलीसुद्धा. पण मागे मांडणी होती, तिच्यावर ओळीने लॅपटॉप उघडे ठेवलेले होते. ताईने ती ओळ पाहिली आणि तिची पाठ ताठ झाली. हा सारा देखावा तिला जन्मभराच्या ओळखीचा होता.

तिने खूण करून विक्रेतीला बोलावलं, आणि त्या मुलीने कळांचा क्रम जुन्या टायपिंगच्या मशिनसारखा लावून दिला. ताई पहिल्या लॅपटॉपसमोर उभी राहिली आणि दहाही बोटं चालू झाली. तो आवाज ऐकून आसपासची माणसं बोलायची थांबली. एका लॅपटॉपच्या कळा तिला मऊ वाटल्या, तो सोडला. एकाचा पडदा चकाकत होता, तोही सोडला. मधल्या आकाराच्या एका लॅपटॉपपाशी ती थांबली, पुन्हा लिहून पाहिलं, चार पावलं मागे जाऊन वाचून पाहिलं. मग परत येऊन अक्षरं मोठी केली आणि पडदा मालकांकडे वळवला.

"ओरडू नका. माझा आवाज गेलाय, कान नाहीत. किंमत सांगा."

मालकांनी किंमत सांगितली. ती मशिनांच्या पैशांच्या बरीच वर होती. ताईने आपला आकडा लिहिला. मालक हसून काही बोलायला गेले, पण गिऱ्हाइकं पडद्याभोवती जमली होती आणि आकडा सगळ्यांना दिसत होता. आता तोंडाने काही बोललो तर पुन्हा आजीवर ओरडल्यासारखं दिसेल, हे मालकांच्या ध्यानात आलं. तेव्हा त्यांनी शेजारचा लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने कळा शोधत लिहिलं, "आज्जी परवडत नाय."

ताईने वाचलं. तिने आधी त्यांचं शुद्धलेखन दुरुस्त करून दाखवलं, मग लिहिलं की मनगट टेबलाला टेकवू नका, दुखेल. मालकांनी मनगट उचललं. अशी ती घासाघीस चालली. दुकानात कुणी बोलेना. लोक माना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून वाचत होते. मालकांना एक ओळ लिहायला एवढा वेळ लागायचा की लोक त्यांना मधूनमधून अक्षर दाखवून मदत करू लागले. ताई आपलं झालं की हातांची घडी घालून स्वस्थ उभी राहायची, क्लासमध्ये मुलांचा उतारा पुरा व्हायची वाट बघावी तशी.

शेवटी ताईने विचारलं, "हा मांडणीतलाच कितीला द्याल?"

मालकांनी तो उचलून पाहिला. महिनोन्‌महिने लोकांनी बडवल्याने त्याच्या दोन-तीन कळांवरची अक्षरं पुसली गेली होती. विक्रेती म्हणाली, बॅटरी तेवढी नवी घालून देता येईल. मालकांनी बराच वेळ विचार केला, आणि मग कळा शोधत बसण्याचा कंटाळा आल्यामुळे असेल किंवा आणखी कशाने, नुसती मान डोलावली. आकडा ताईचा ठरला. बाळने कळांवरची अक्षरं पुसली गेल्याबद्दल काळजी दाखवली, तेव्हा ताईने त्याच लॅपटॉपवर लिहिलं, "मला वाचून कुठे मारायच्या आहेत?"

येताना ती लॅपटॉप छातीशी धरून बाळच्या पुढे चालत होती. वाटेत दोन ओळखीची माणसं भेटली. तिने थांबून, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून, दोघांशी सविस्तर गप्पा मारल्या. रुमाल सैल झाला होता. तो तिने नीट केला नाही.

पडद्यावरचं स्वयंपाकघरातून वाचता येई, जरा डोळे बारीक करावे लागत. बॅटरी संध्याकाळपर्यंत निभावे. घरात पुन्हा भांडणं सुरू झाली आणि बायको गुणगुणत काम करू लागली. साहेबांना पहिल्याच दिवशी ऐंशी ओळी ऐकून घ्याव्या लागल्या, तेव्हापासून ते ताईशी साध्या आवाजात बोलू लागले.

मग एका रविवारी जेवणं झाल्यावर ताईने लिहिलं की आता ती आपल्या घरी राहायला जाणार. बाळला ते अजिबात मंजूर नव्हतं. एकटी कशी राहशील, त्याने विचारलं. ताईने उत्तर दिलं. दारावर कोण आलं, कसं सांगशील. ताईने त्यालाही उत्तर दिलं. तो एक बोलला की ती चार लिहायची, आणि बाळ वाचता वाचता मागे पडायचा. बोलून त्याची कधी सरशी झाली नव्हती, वाचूनही होईना. ताई महिन्याभराने गेलीच, हे इथेच सांगून टाकायला हरकत नाही. पण त्या दुपारी ते ठरायचं होतं. ताईने नव्या आवेशाने सुरुवात केली, "बाळ, मी जाणार, कारण", आणि पडदा काळा झाला. सकाळपासून ती साहेबांशी बोलत होती.

ताईने दोन-तीन कळा दाबल्या. मग हात मांडीवर ठेवले.

बाळने संधी सोडली नाही. तो उभा राहिला आणि बोलू लागला. एकाही शब्दाला अडथळा नव्हता. तुला काय झालं तर हाक कशी मारशील, तो म्हणाला. पडलीस तर कुणाला कळणार, म्हणाला. तुझं ऑपरेशन चालू असताना इस्पितळाच्या बाकावर बसून मी काय काय विचार केले ते तुला ठाऊक नाही, असंही म्हणाला, आणि हे तो कुणाजवळच बोलला नव्हता. एवढं मुद्देसूद तो आयुष्यात बोलला नव्हता. बोलून संपल्यावर त्याने ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. ओठ हलले, त्यातून नुसती हवा आली, आणि तिने ते मिटून घेतले. बायको दाराशी येऊन उभी राहिली होती.

बाळ आत गेला, चार्जर शोधून आणला, गुडघे धरत खाली बसला, टेबलाखाली शिरून बटण लावलं, आणि डोकं टेबलाला आपटून बाहेर आला. पडदा उजळला.

ताईने अक्षरं मोठी केली. "कुठपर्यंत आले होते मी?"

"कारणपर्यंत," बाळ म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.